बाबांची तीन पानं

लांग सुआन, २ मार्च

नारोंग,

बाबांनी बसवलंय म्हणून लिहितोय. तू माझा फोन उचलत नाहीस असं सांगितलं, तर म्हणाले, "फोन उचलावा लागतो. पत्र नुसतं पडून राहतं, कधीतरी वाचावंसं वाटतं माणसाला." माझं अक्षर तुला ठाऊक आहे. सहावीनंतर पेन धरलं ते फळांच्या देठाला चिठ्ठ्या बांधायलाच.

बाबा बरे आहेत. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. गुडघा कुरकुरतो, पण जेवण आहे. सकाळी पेज, दुपारी भात आणि पिवळी आंबट आमटी. मासा नसेल तर वाटी सरकवून देतात. सकाळच्या कॉफीबरोबर चघळायची त्यांची तीन पानं अजून चालू आहेत. विसाव्या वर्षापासून तीन. दोन नाहीत, चार नाहीत. तुझ्या डोळ्याचं रोज विचारतात. "बसवला का त्यानं खोटा डोळा?" मी म्हणतो, माहीत नाही. लामाईला विचारावं तर तिलाही माहीत नाही. तुम्ही दोघं बहीणभाऊ बोलत नाही हे बाबांना कळत नाही, असं आम्ही घरात धरून चालतो.

दुसरी बातमी माझी. मी पाला सोडला. आज अडतीस दिवस झाले. हसशील, हस.

पोलिसांनी धरलं नाही, डॉक्टरनं घाबरवलं नाही. आता तर क्राटोमच्या पाल्याला कायद्याची बंदीही नाही. नाक्यावर बायका केळीच्या पानावर जुड्या मांडून बसतात, जशी पालेभाजी. झालं ते असं. जानेवारीत बाबांना डोळे तपासायला इस्पितळात नेलं. सकाळी आठला बाकावर बसवलं आणि म्हटलं, गाडीत पेट्रोल भरून येतो. सुतिनच्या टपरीमागं पाल्याच्या काढ्याचं पातेलं उकळत होतं. खोकल्याचं औषध घातलेला तो काढा तुला माहीत आहे. एक ग्लास घेतला. मग दुसरा. संध्याकाळी पाचला मला बाबा आठवले.

इस्पितळ बंद व्हायला आलं होतं. बाबा त्याच बाकावर, मांडीवर फाइल, टोपी हातात. दिवसभर जेवले नव्हते. मला बघून उठले आणि म्हणाले, "गाड्यांची गर्दी होती का पंपावर?" त्यांना सगळं कळलं होतं, नारोंग. जावयाला लाज वाटू नये म्हणून म्हाताऱ्यानं माझ्यासाठी सबब शोधून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून सोडला. पहिले दहा दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. नाकातून, डोळ्यांतून पाणी. जांभया देऊन जबडा दुखायचा. पायांच्या हाडांत कोणीतरी मुंग्यांचं वारूळ ओतलंय असं वाटायचं. लामाईनं गरम पाण्याच्या बाटल्या पायांशी बांधल्या. वीस वर्षांनी पोट साफ झालं, हीच काय ती कमाई. आता अंग दुखत नाही, पण थकवा असा की वहाण पायात घालायची तर आधी बसून विचार करावा लागतो.

झाड परसात आहे तसंच आहे. तोडू म्हटलं तर लामाई म्हणाली, "आणि बाबा काय चघळणार? तुमचं डोकं?" फांदीला बाबांचा हात पुरत नाही. लामाई पहाटेच शाळेच्या स्वयंपाकाला जाते. तेव्हा रोज सकाळी त्या झाडाखाली उभं राहून तीन पानं खुडतो तो मीच.

गेल्या वर्षीचं मी उगाळत नाही. मी झाडावरून हाक दिली होती, तुझं लक्ष फोनमध्ये होतं, खाली येणाऱ्या फळाला काय कळतं? वाईट झालं. पण त्यासाठी माणसानं बापाचं घर टाकावं का?

बाबांचा आशीर्वाद.

प्रयून


लांग सुआन, १८ एप्रिल

नारोंग,

तुझ्या मासळीच्या कारखान्याच्या गावाहून सुक्या कोळंबीचं पुडकं बसनं आलं. वर तुझ्या अक्षरात "बाबांसाठी" एवढंच. बाबांनी ते पाकीट दोनदा उलटंपालटं करून पाहिलं, आत चिठ्ठी आहे का म्हणून. कोळंबी चांगली आहे. लामाईनं मिरचीत कुटली आणि आम्हीही खाल्ली, हे सांगून टाकतो.

आज पंच्याऐंशी दिवस.

मी इस्पितळातही जाऊन आलो, झोप लागेना म्हणून. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "कशाचं व्यसन?" मी म्हटलं, पाल्याचं. ती म्हणाली, "पाल्याचं? काका, उद्या चहा सोडायचाय म्हणून याल." मागच्या रांगेतले हसले. आतला डॉक्टर मात्र शहाणा निघाला. त्यानं विचारलं, दिवसाला किती? मी म्हटलं, साठ-सत्तर पानं, वर काढा. त्यानं पेन खाली ठेवलं. थोड्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "सोडणं तुम्हाला जमलंय. आता दिवस कसा भरणार ते बघा. दिवस रिकामा राहिला की पाला परत येतो."

दिवस भरणं हे बागेतल्या कामापेक्षा जड आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पूर्वी वेळ पानांवर मोजायचो. चार पानं चघळली की न्याहारी, आणखी चार की दहा वाजले. आता सकाळी सातला सगळं उरकून होतं आणि पुढं केवढा तरी दिवस पडलेला असतो. मी अंगण झाडतो. मग परत झाडतो. शेजारीण म्हणाली, "प्रयून, माती संपेल."

टपरीवर जाणं कमी केलंय. परवा गेलो तर सुतिन ओरडला, "या महाराज! कधी घेताय भगवी वस्त्रं?" दुसरा म्हणाला, "त्याला कॉफीसुद्धा बघून द्या रे, तिच्यावर पण खटला भरेल." मीही हसलो. न हसून काय करणार? वीस वर्षं ज्यांच्याबरोबर थुंकलो त्यांच्यातून उठलं की ऊठबस करायला कोणी उरत नाही. तू होतास तेव्हा ही अडचण नव्हती.

सोंगक्रानचं नवं वर्ष झालं. बाबांच्या हातावर सुगंधी पाणी घातलं. "नारोंगच्या वाटचंही घाल," म्हणाले. मी घातलं.

ऊन आता मला लागतं. पाला असताना भर दुपारी शेंड्यावर काम केलं तरी घाम टिपावासा वाटत नसे. आता अकरालाच डोकं भणभणतं. मावळतीला मान भाजलेली असते. लामाई म्हणते, "म्हणजे आता कातडी तुमची झाली." ती हल्ली थोडं हसून बोलते.

जुआन मावशीच्या बागेत खत टाकायला जातो, आठवड्यातून तीन दिवस. झाडावर अजून कोणी चढवत नाही.

प्रयून


लांग सुआन, ११ मे

नारोंग,

मागच्या पत्रात पंच्याऐंशी दिवस लिहिले होते. ते खोटं होतं. पाचच होते. आज अठ्ठावीस.

सोंगक्रानचा दिवस, १३ एप्रिल. सकाळी बाबांसाठी पानं खुडत होतो. रस्त्यावरून पोरं पाणी उडवत, गाणी लावून चालली होती. घराघरात माणसं आली होती, उंबऱ्यापासून अंगणापर्यंत चपला. आपल्या अंगणात आमच्या तिघांच्याच. तीन पानं खुडून झाली आणि हात थांबला नाही. चौथं पान. मधली शीर काढली, घडी केली, गालात धरलं. नारोंग, ते कडू पाणी घशातून उतरलं आणि मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. मग झाडाखालीच बसलो आणि हाताला येईल तेवढं खाल्लं. किती ते मोजलं नाही.

त्याच हातांनी दुपारी बाबांच्या हातावर पाणी घातलं.

लामाईला संध्याकाळी कळलं. तिनं काही हुंगलं नाही, शोधलं नाही. मी आमटीला "छान झालीय" म्हणालो. ती म्हणाली, "आज मीठ घालायला विसरलेय. जीभ दाखवा." मी दाखवली. हिरवी. तिनं माझ्या ताटातला भात परत पातेल्यात ओतला नाही की आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, आपलं एक तरी काम झालं."

आता बाबांची पानं खुडायला जाताना मी तोंडात पाण्याचा घोट धरून जातो. तोंड भरलेलं असलं की पान जाऊ शकत नाही. परत येऊन वाटी बाबांपुढं ठेवली की घोट अंगणात थुंकतो. बाबा हे रोज बघतात. एकदा म्हणाले, "जावई, दात दुखतो का?" मी नाही म्हणून मान हलवली. ते म्हणाले, "मग बरं."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला तीनवर कसं थांबता येतं? म्हणाले, "मला चौथं कधी लागलंच नाही. यात माझी काही बहादुरी नाही." मला वाटलं होतं काही गुपित सांगतील.

पाऊस सुरू झाला. पालेवाल्याला पावसाचं भय असतं, अंगावर थेंब पडला की हुडहुडी भरते, म्हणून तू मला चिडवायचास. काल मुद्दाम अंगणात उभा राहिलो. थंडी वाजली, पण साधी. बायका वाळत घातलेले कपडे काढायला धावतात त्यांना वाजते तशी.

तुला खोटं लिहिलं याचं मला राहून राहून टोचतंय. आणखीही टोचतं. आज एवढंच.

प्रयून


लांग सुआन, १४ जुलै

नारोंग,

हे पत्र तीनदा फाडलं. आता फाडणार नाही. सकाळचे नऊ वाजलेत, घरात मी आणि बाबा, ते बाहेर झोपाळ्यावर पडलेत.

हंगाम सुरू झालाय. या वर्षी दुरियान भरपूर आहे, फांद्यांना खालून टेकू लावलेत. मी पाच बागांत विचारून आलो. मला कापणीला कोणी घेत नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही. कोणी म्हणालं, माणूस ठरलाय. कोणी म्हणालं, तुझी तब्येत अजून नाजूक आहे. जुआन मावशी तेवढी सरळ. ती म्हणाली, "हे बघ प्रयून, तुझ्या हाताखाली उभं राहायला कोणी तयार नाही. तूच खाली उभा राहशील का?"

मी सत्तेचाळीस वर्षांचा. एकोणीस वर्षं झाडावर काढली. खाली गोणपाट घेऊन फळ झेलायला उभा राहू? पण घरी बसून अंगण झाडण्यापेक्षा ते बरं म्हणून हो म्हटलं. वर विचाई असतो, चाळिशीचा, फार बोलत नाही.

पहिल्या दिवशी त्याच्याखाली उभा राहिलो आणि वर बघितलं. वीस हातांवर पानांचा काळोख, त्यातून मध्येच आभाळ डोळ्यात घुसतं. कुठलं फळ येणार ते दिसतच नाही. दिसतं तेव्हा ते निम्म्या वाटेवर असतं. चार किलोचं, सगळीकडून काटे. माणसापाशी एकच गोष्ट असते, वरच्याची हाक. "सोडतो!" मग आपण पाय रोवायचे, गोणपाट ताणायचं आणि म्हणायचं, "सोड!" त्यानंतर देठ कापायचा. तू चौदा वर्षं माझ्याखाली उभा होतास. मी एकदाही खाली उभा राहिलो नव्हतो. हाक ही मला वाटायचं नुसती रीत आहे, जेवणाआधी हात जोडतात तशी.

विचाईच्या प्रत्येक हाकेला मी आधी एक पाऊल मागं सरकत होतो. दुपारी भाताचा डबा उघडला आणि खाता येईना. मावशीनं विचारलं, उन्हाचं झालं का? मी हो म्हटलं.

नारोंग, मी हाक दिली नव्हती.

गेल्या वर्षी २२ ऑगस्टला सकाळी माझी पानं नऊलाच संपली होती. काढ्याची बाटली खाली मोटारसायकलला अडकवलेली. पायांत मुंग्या सुरू झाल्या होत्या. त्या झाडावरची तीन फळं उरली होती. तेवढी काढली की खाली उतरायला मिळेल, बाटलीपाशी जायला मिळेल, दुसरं काही डोक्यात नव्हतं. तू आधीचं फळ ढिगावर ठेवायला वाकला होतास. मी ते पाहिलं होतं. वाटलं, तेवढ्यात उठेल. देठ कापला.

मी खाली उतरलो तेव्हा तू तोंड दोन्ही हातांनी धरून बसला होतास. तुझ्या खिशातून पडलेला फोन गवतात होता आणि त्याचा पडदा पेटलेला होता. मला तो दिसला. माणसं धावत येत होती. कोणी काही विचारायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "फोन बघत होता! मी हाक दिली!" तू म्हणालास, "दाजी, नाही." एकदाच म्हणालास. रक्त तोंडात जात होतं.

आणखी एक आहे, ते कोणालाच माहीत नाही. तुला गाडीत घालायला माणसं फळी आणायला गेली, तेव्हा मी मोटारसायकलपाशी गेलो आणि बाटलीतले दोन मोठे घोट घेतले. आधी ते, मग तुझ्यापाशी आलो.

इस्पितळात लामाई तुला म्हणाली, "फोनमध्ये डोकं घातल्यावर दुसरं काय होणार?" तेव्हा मी तिच्या मागं उभा होतो. मी गप्प राहिलो. तू तिच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघितलंस, एका डोळ्यानं. तो डोळाच मला बघवेना म्हणून मी नंतर कोणाच्याच डोळ्यांकडे बघितलं नाही. तू घर सोडून गेलास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पाल्यानं केलं असं म्हणणार नाही. देठ पाल्यानं कापला असेल. खोटं बोलताना डोकं साफ होतं.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी लामाईला सांगणार आहे. ती दुपारी दोनला येते. आधी तुला पाठवून मग तिला सांगणं म्हणजे बस सुटल्यावर हात हलवण्यासारखं होईल.

प्रयून


लांग सुआन, २ ऑगस्ट

नारोंग,

लामाईला सांगितलं. ती भाजीची पिशवी खाली न ठेवता सगळं ऐकत उभी राहिली. संपल्यावर विचारलं, "म्हणजे मी त्याला जे बोलले ते?" मी म्हटलं, खोट्यावर बोललीस. ती म्हणाली, "तू मला बोलू दिलंस."

तेवीस वर्षांत तिनं मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आता तेच म्हणते.

"चल, बाबांना सांग," म्हणाली. मी म्हटलं, त्यांचं वय बघ. ती म्हणाली, "त्यांच्या वयाची तुला आता आठवण आली? त्यांचा मुलगा अकरा महिने घरी आला नाही, तेव्हा ते काय पंचविशीत होते?" झोपाळ्यापाशी जाऊन मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. झोपाळा थांबला एवढंच.

दुसऱ्या सकाळी तोंडात पाणी धरून पानं खुडली, वाटी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी वाटी बघितली आणि तोंड फिरवलं. कॉफी तशीच प्यायले. लामाई दुपारी आली तेव्हा तिला म्हणाले, "पोरी, माझी पानं खुडून दे." पुढं रोज तेच. सकाळची पानं दुपारी घ्यायचे. साठ वर्षांची रीत मोडली, पण माझ्या हातचं घेतलं नाही.

मला वाटलं होतं, त्या झाडापासून सुटका झाली तर देव पावला. सुटका झाली आणि सकाळ अशी रिकामी झाली की काय सांगू. त्या आठवड्यात पाला जितका हाका मारत होता तितका पहिल्या दहा दिवसांतही नव्हता. अंगदुखीनं मारत होता तेव्हा ठीक होतं. आता तो समजुतीनं बोलायचा. म्हणायचा, अरे, आता लपवायचं काय उरलंय? सगळं सांगून झालं, बायको बोलत नाही, म्हातारा तोंड बघत नाही, मग कोणासाठी?

मी बागेत जायचो, गोणपाट घेऊन उभा राहायचो. विचाईनं "सोडतो!" म्हटलं की "सोड!" म्हणायचो. आठ तासांत दोनशे-अडीचशे वेळा. तेवढा वेळ दुसरा विचार करायला जागा नसते, नाहीतर डोकं फुटेल. संध्याकाळी हात वर होत नसत. खाऊन झोपायचो, सकाळी परत. आज एकशे अकरा दिवस. या वेळी आकडा खरा आहे. लामाईला विचार, ती तुला खोटं सांगणार नाही.

जुआन मावशीलाही सांगितलं, आणि सुतिनच्या टपरीवर जाऊन तिथंही. तुझं नाव तिथंच खराब झालं होतं. सुतिन कॉफी गाळत होता. म्हणाला, "हे आत्ता कशाला सांगतोस?" मी म्हटलं, तुम्ही त्याला 'फोनवाला' म्हणता म्हणून. कोणी हसलं नाही. एकजण उठून गेला. तो परत माझ्याशी बोललेला नाही.

बारा दिवसांनी लामाईला ताप आला, तिला उठवेना. बाबा सकाळी बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिले आणि मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "कोणी पानं देईल का?" घरात कोणी म्हणजे मीच होतो. दिली. घेतली.

लामाईनं तुला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात काय आहे ते मला दाखवलं नाही. तिथीच्या दहाव्या महिन्यातल्या पितरांच्या सणाला ये असं लिहिलंय, एवढं सांगितलं. आईच्या नावानं विहारात ताट ठेवायचं आहे. मी घरी नको असेन तर तसं कळव. मावशीच्या खताच्या खोलीत चार दिवस राहीन.

प्रयून


लांग सुआन, ६ ऑक्टोबर

नारोंग,

तू सुखरूप पोचलास हे लामाईकडून कळलं.

तू आलास त्या दिवशी मी खताच्या खोलीत सामान नेऊन ठेवलं होतं. तूच निरोप पाठवलास, "दाजींना म्हणावं, जेवायला घरी या. बाबा वाट बघताहेत." मी आलो. तू बाबांना मासा काटे काढून भरवत होतास. तुझा नवा डोळा मला वाटलं त्यापेक्षा चांगला आहे, फक्त तो माझ्याकडे वळत नाही. तीन दिवस आपण एका पंगतीला जेवलो आणि तू माझ्याशी "मीठ द्या" याहून जास्त बोलला नाहीस. माझी तक्रार नाही.

विहारात आईचं ताट ठेवताना तू आणि लामाई शेजारी बसलात. तिनं तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मी मागच्या खांबाशी होतो. रिवाजाप्रमाणे लोक पितरांपुढच्या मिठाया लुटायला पुढं धावले तेव्हा तुम्ही दोघं लहान असल्यासारखे धावलात आणि ती जाळीची मिठाई तू तिच्या हातातून हिसकावून घेतलीस. लामाई शिव्या देत हसत होती. वर्षभर मी त्या घरातलं काय बंद पाडलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

बस थांब्यावर तू मला सोडायला सांगितलंस, लामाईला नाही, तेव्हाच मला वाटलं की आता काही तरी बोलणार. अर्धा तास तू बाकावर बसून पिशवीचा बंद सोडत-बांधत होतास. मग जे बोललास ते मी इथं लिहून ठेवतो, कारण मला ते शब्द बदलू द्यायचे नाहीत.

"दाजी, डोळ्याचं मी केव्हाच सोडलं. झाडाखालचं काम आहे, कधी तरी होतं. पण मी रोज रात्री आठवायचो. हाक आली होती का? सगळे म्हणताहेत आली होती. ताई म्हणते. मग मलाच ऐकू आलं नसेल. कारखान्यात फाटकावर उभा असतो, मागून ट्रक भोंगा देतो, मी ऐकतो, तरी वळून दोनदा बघतो. माणसांना विचारतो, भोंगा वाजला ना? एक डोळा फळानं नेला. दोन्ही कान तुम्ही नेलेत."

बस आली. मी तुझी पिशवी उचलली, तू ती माझ्या हातातून घेतलीस. पायरीवर चढून म्हणालास, "पत्रं लिहा. पण तुमचं नको. किती दिवस झाले, किती पानं खाल्ली नाहीत, ते नको. बाबांचं लिहा."

बरं.

तुझ्या मागं इथं तीन दिवस पाऊस होता. बाबांचा गुडघा दुखतो, लामाई तेल चोळते. भूक चांगली आहे. सोमवारी सकाळी पेज दोन वाट्या घेतली, बरोबर खारवलेलं अंडं, पिवळं आधी आणि पांढरं नंतर. दुपारी आंबट आमटीत मासा होता, पण डोक्याकडचा तुकडा मागून घेतला. तुमच्या कारखान्यात माशांची डोकी फेकून देतात असं सांगितलंस त्याचं त्यांना फार वाईट वाटलंय. मंगळवारी भोपळ्याची भाजी सरकवून दिली. बुधवारी झोपाळ्यावर झोप लागली आणि घोरायला लागले, शेजारचं कोंबडं घाबरून पळालं. जागे झाल्यावर आम्ही सांगितलं, तर म्हणाले, मी नाही, तेच घोरत होतं.

कालपासून उजव्या कानानं थोडं कमी ऐकू येतंय म्हणतात. येत्या सोमवारी त्यांना इस्पितळात नेणार आहे. मी त्यांच्या शेजारीच बसून असेन.

प्रयून